गूळ कितीही चालतो का?

‘साखर विष, गूळ औषध, मुलांना हवा तेवढा द्या’ हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. निपाणी-चिकोडीच्या ऊसपट्ट्यात तो पटकन पटतोही, कारण गूळ आपल्या डोळ्यांसमोर तयार होतो.

तेच जरा नीट पाहू. गुऱ्हाळावर काहिलीत रस उकळतो, वर आलेली मळी काढतात, पाणी आटतं. रसातली साखर मात्र कुठेच जात नाही, ती ढेपेतच उतरते. 100 ग्रॅम गुळात सुमारे 380 कॅलरी असतात, साखरेत 400च्या आसपास. दातांनाही दोन्ही सारखेच.

गुळात लोह असतं, हे खरं. पण मुलाची गरज त्यावर भागवायची तर रोज इतका गूळ लागेल की तोच बाधेल. त्यापेक्षा मसूर, हरभरे, पालेभाजी द्या आणि वर लिंबू पिळा. त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे लोह चांगलं शोषलं जातं.

खात्री करायची असेल तर दुकानात गुळाचं आणि साखरेचं पाकीट शेजारी धरून मागचे ऊर्जेचे आणि साखरेचे आकडे वाचा.

भाकरीबरोबर लहानसा खडा जरूर द्या. फक्त दूध, शिरा, लाडू यांतून दिवसभर जाणारा गूळ साखरेच्याच हिशेबात धरा.