सागरी बर्फाचा प्राचीन विस्तार : गाळावरून शोध

ध्रुवीय समुद्रांचा पृष्ठभाग गोठून तयार होणारे बर्फ भूतकाळात कुठवर पसरत होते, हे समुद्रतळाच्या गाळावरून ठरवण्याची पद्धत. उपग्रहांनी या बर्फाची सलग नोंद ठेवायला सुरुवात केली ती १९७८ च्या अखेरीस. त्याआधीच्या नोंदी जहाजांवरच्या, आणि त्याही तुटक. हजारो वर्षे मागे जायचे तर मुख्य भिस्त गाळावरच राहते. भारतात या अभ्यासाचे प्रमुख ठिकाण कोकणपट्टीवर आहे : वास्कोजवळ, मुरगाव बंदराच्या वरच्या जांभ्या सड्यावरील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र (स्थापना १९९८). डिसेंबर १९८१ मध्ये देशाची पहिली अंटार्क्टिका मोहीमही गोव्याहूनच निघाली होती.

सागरी बर्फ आणि जमिनीवरचे हिमस्तर यांची गल्लत वर्तमानपत्रांत नेहमी होते. तरंगते बर्फ वितळले तर समुद्राची पातळी जवळजवळ बदलत नाही. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी समुद्र १२० मीटरच्या आसपास खाली होता आणि कोकणचा किनारा आजच्यापेक्षा कितीतरी पश्चिमेला होता. त्याला कारण जमिनीवर साठलेले हिम. सागरी बर्फाचे महत्त्व वेगळे आहे. ते ऊन परत फेकते, समुद्र आणि हवा यांच्यातली उष्णतेची देवघेव अडवते आणि गोठताना मीठ बाहेर टाकून खालचे पाणी जड करते.

अडचण अशी, की बर्फ वितळले म्हणजे गेले. गाळात ते स्वतः उरत नाही. उरतात ते त्याच्या आसऱ्याने जगणारे जीव. म्हणून ही सारी विद्या परिस्थितिजन्य पुराव्याची आहे, आणि तिचे निष्कर्ष त्याच बेताने घ्यावेत.

डायाटम : अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रासाठी सर्वांत भरवशाचा पुरावा डायाटम या एकपेशीय शैवालांचा. त्यांचे कवच सिलिकाचे, कुंकवाच्या करंड्यासारखे दोन झाकणांचे असते. कोकणातल्या खाड्यांच्या चिखलातही डायाटम मुबलक असतात, पण जाती वेगळ्या. फ्रॅजिलॅरिऑप्सिस कर्टा आणि फ्रॅजिलॅरिऑप्सिस सिलिंड्रस या दोन जाती बर्फालगत वाढतात. फ्रॅजिलॅरिऑप्सिस केर्गुएलेन्सिस मोकळ्या पाण्यात. गाळातल्या एकूण डायाटम-कवचांत पहिल्या दोघींचे एकत्रित प्रमाण ३ टक्क्यांच्या वर गेले, तर त्या जागी हिवाळ्यात नियमित बर्फ येत होते असे मानतात. १ ते ३ टक्क्यांत मात्र ठामपणे काही सांगता येत नाही.

प्रयोगशाळेतले काम चिकाटीचे आहे. गाळाच्या नळीतून, म्हणजे समुद्रतळात नळी खुपसून काढलेल्या गाळाच्या उभ्या नमुन्यातून, ठरावीक अंतरावर चिमूटभर गाळ घेतात. हायड्रोजन पेरॉक्साइडने त्यातला सेंद्रिय अंश घालवतात, हायड्रोक्लोरिक आम्लाने चुना विरघळवतात, आम्ल जाईपर्यंत धुतात आणि उरलेली कवचे काचेवर बसवतात. मग हजारपट मोठे करून दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक नमुन्यातली तीन-चारशे कवचे ओळखून मोजायची. कर्टाचे एक टोक दुसऱ्यापेक्षा किंचित रुंद असते. सिलिंड्रस बहुधा लहान, दोन्ही टोकांना गोलसर. फरक मायक्रॉनचा, आणि कवच मोडके असेल तर ओळखणाऱ्याच्या नजरेवरच सारे अवलंबून. शिवाय सिलिंड्रसचे कवच पातळ. तळाशी पोहोचेपर्यंत त्यातले बरेच विरघळते. केर्गुएलेन्सिसचे जाड, ते टिकते. त्यामुळे गाळातले चित्र मोकळ्या पाण्याकडे झुकलेले असण्याचा धोका कायम राहतो.

रासायनिक खुणा : आर्क्टिकमध्ये डायाटमांची कवचे नीट टिकत नाहीत. तिथे २००७ मध्ये सायमन बेल्ट आणि सहकाऱ्यांनी आयपी-२५ हा २५ कार्बन अणूंचा रेणू पुढे आणला. बर्फाच्या आत राहणारे काही मोजके डायाटम तो तयार करतात. तो सापडला म्हणजे वसंतात तिथे बर्फ होते. नाही सापडला तर? एकतर बर्फ नव्हतेच, किंवा बारमाही इतके जाड होते की खाली उजेडच पोहोचला नाही आणि शैवालही वाढले नाही. दोन टोकांच्या दोन परिस्थिती, आणि गाळातले उत्तर एकच : शून्य. म्हणून मोकळ्या पाण्यातल्या शैवालांचे ब्रासिकास्टेरॉलसारखे रेणूही सोबत मोजतात. तेही शून्य असतील तर कायमचे बर्फ, ते भरपूर असतील तर मोकळा समुद्र. या जोडीवरून काढलेला पिप-२५ निर्देशांक २०११ पासून वापरात आहे. अंटार्क्टिकासाठी असाच इप्सो-२५ हा रेणू वापरतात.

याखेरीज डायनोफ्लॅजेलेट या एकपेशीय तरंगत्या जीवांचे कोश पाहतात, आणि बर्फाने वाहून आणलेले खनिजकणही. जाड वाळू आणि खडे आले तर ते हिमनगाने आणले असण्याची शक्यता जास्त, त्यामुळे एकट्या कणांवर विसंबणे बरे नव्हे.

कालमापन हा या विषयाचा कच्चा दुवा. कार्बन-१४ या किरणोत्सारी कार्बनावरून वय काढायला फोरॅमिनिफेरा या एकपेशीय सागरी जीवांची चुनखडी कवचे लागतात, आणि दक्षिण महासागराच्या खोल, थंड तळाशी ती विरघळून जातात. जी मिळतात त्यांचे वयही फुगलेले येते, कारण तिथले वर येणारे पाणीच जुना कार्बन घेऊन येते. अंटार्क्टिकाजवळ ही वाढ हजार वर्षांच्याही वर जाते. गेल्या शे-सव्वाशे वर्षांसाठी शिसे-२१० हे किरणोत्सारी शिसे वापरतात.

एवढ्या अडचणींतूनही हाती काही ठोस लागले आहे. शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात दक्षिण महासागरावरील हिवाळी बर्फाचे क्षेत्र आजच्या जवळपास दुप्पट होते. उन्हाळी सीमा मात्र अजून धूसर आहे. आर्क्टिकमध्ये २००४ साली लोमोनोसोव्ह कटकावर (समुद्रतळावरच्या डोंगररांगेवर) घेतलेल्या गाळाच्या नळ्यांत बर्फाशी निगडित डायाटम सुमारे ४ कोटी ७० लाख वर्षांइतके मागे सापडले.

मान्सूनशी संबंध : रशियाच्या उत्तरेकडील कारा समुद्रातील उन्हाळी बर्फाची घट आणि सप्टेंबरात मध्य भारतात होणारी अतिवृष्टी यांचा संभाव्य संबंध गोव्यातील याच केंद्राच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये मांडला. तो उपग्रहकाळातल्या नोंदींवर उभा आहे. त्यामागचा काळ तपासायचा तर आर्क्टिकचा गाळ आणि पावसाची खूण जपणारा अरबी समुद्रातला गाळ एकाच कालपट्टीवर बसवावे लागतील, आणि जिथे वय शेकडो वर्षांनी मागेपुढे होते तिथे एका सप्टेंबरचा पाऊस वेगळा काढता येत नाही. फार तर शतकांचा कल जुळतो का, एवढेच पाहता येते.