तापाचा पहिला तास

केमोनंतरच्या दुसऱ्या आठवड्यात ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या वॉर्डात सगळ्यांचं लक्ष दोनच आकड्यांवर असतं, काउंट (रक्तातल्या पेशींची संख्या) आणि ताप. न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ५०० च्या खाली आणि ताप १०१ च्या वर, की नर्स कल्चरच्या (रक्तात जंतू वाढतात का ते पाहण्याच्या) बाटल्या घेऊन येते. एका बाटलीत सेंट्रल लाइनमधलं (मोठ्या शिरेत बसवलेल्या नळीतलं) रक्त, दुसरीत हातातलं. रिपोर्टची वाट न पाहता तासाभरात अँटिबायोटिक सुरू.

ही घाई पूर्वी नव्हती. पांढऱ्या पेशी जितक्या कमी आणि जितके जास्त दिवस कमी, तितका संसर्गाचा धोका मोठा, हे अमेरिकेत जेराल्ड बोडी आणि सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये आकड्यांनिशी दाखवलं. तरी डॉक्टर कल्चरसाठी थांबत. स्यूडोमोनास हा जीवघेणा जंतू थांबत नसे. कित्येकदा रिपोर्ट येईपर्यंत रुग्ण गेलेला असे. १९७१ मध्ये स्टीफन शिम्प्फ यांच्या चमूने ताप येताच कार्बेनिसिलिन आणि जेंटामायसिन ही दोन अँटिबायोटिक देऊन पाहिलं, आणि पुढे जगभर तोच शिरस्ता पडला.

पण हा शिरस्ता अंदाजावर चालतो. अंदाज चुकला, की तो मोलाचा तास वाया. आधी साध्या औषधांना न जुमानणारे जंतू आले, म्हणून कार्बापेनेम ही जास्त ताकदीची अँटिबायोटिक हाताशी ठेवली गेली. मग २००८ मध्ये, दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णातल्या जंतूत कार्बापेनेमही फोडणारं एन्झाइम सापडलं: एनडीएम-१. नावात ‘न्यू दिल्ली’ आल्याने आपल्याकडे मोठं वादळ उठलं. खरं तर मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०१० च्या सुरुवातीलाच, कार्बापेनेमला दाद न देणाऱ्या २४ पैकी २२ जंतूंत हेच एन्झाइम असल्याचं छापलं होतं. नावावरच्या भांडणात ती बातमी मागे पडली, हे मला आजही खटकतं.

मूत्रपिंडाला त्रास देतं म्हणून अडगळीत टाकलेलं कोलिस्टिन हे जुनं अँटिबायोटिक पुन्हा बाहेर काढावं लागलं. सेफ्टाझिडीम-अविबॅक्टम हे नवं औषध आलं, पण एनडीएमपुढे ते एकटं चालत नाही. सोबत अॅझट्रिओनाम जोडावं लागतं.

यातले बरेचसे जंतू बाहेरून येतच नाहीत. केमोने आतड्याचं अस्तर सोलवटतं आणि तिथले जंतू रक्तात उतरतात. म्हणून काही केंद्रांत केमोआधीच गुदद्वाराचा स्वॅब घेतात. आत कोण बसलंय ते कळलं, तर पहिल्या तासात काय टोचायचं ते ठरवता येतं. रुग्णाला समजावताना मात्र नर्सची पंचाईत होते. “आजार रक्ताचा, मग तपासणी तिथली का हो सिस्टर?”