हावरट लॅब्रॅडॉर आणि हरवलेली चौदा अक्षरं

आमच्या इमारतीतला लॅब्रॅडॉर पिंपासारखा फुगलाय. मालकीणबाईंना सगळे ऐकवतात, "लाड कमी करा!" मागच्या महिन्यात तो लंगडायला लागला, तेव्हा कुणाच्या तरी सल्ल्याने त्याच्या गळ्यात दृष्टीचा काळा दोरा आला. दोऱ्याने वजन काही उतरलं नाही.

लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, कॉकर स्पॅनियल ही मूळची बंदुकीच्या शिकारीतली कुत्री. पडलेला पक्षी न खाता मालकापर्यंत आणायचा, हे रिट्रीव्हरचं काम. मोजक्या कुत्र्यांपासून वंश वाढवला की गुणांसोबत दोषही साठत जातात. कॉकर आणि लॅब्रॅडॉरमधला दृष्टिपटल झिजण्याचा एक आजार पिल्लाला तेव्हाच होतो, जेव्हा सदोष जनुक आई-बाप दोघांकडून येतं. खुब्याचा सांधा सैल राहण्यामागे मात्र पुष्कळ जनुकं असतात, आणि वजन वाढलं की तो सांधा आणखी झिजतो.

हे वजन कुठून येतं, ते केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं. पीओएमसी नावाच्या जनुकावरून मेंदूत एक लांबलचक प्रथिन बनतं. विकरं कात्रीसारखी त्याचे तुकडे करतात. मधल्या भागातून एसीटीएच हे संप्रेरक मिळतं, शेवटच्या भागातून बीटा-एमएसएच आणि बीटा-एंडॉर्फिन. यातलं बीटा-एमएसएच मेंदूला सांगतं, "पुरे, पोट भरलं."

चारातल्या एका लॅब्रॅडॉरमध्ये या जनुकाच्या निदान एका प्रतीतली डीएनएची १४ अक्षरं गायब असतात. पेशी जनुक तीन-तीन अक्षरांनी वाचते. 'कमळ नयन मगर पदर' यातली 'मळ' ही दोन अक्षरं काढा आणि पुन्हा तिनाचे गट पाडा: 'कनय नमग रपद र'. पुढचं सगळं निरर्थक! बारा अक्षरं गेली असती तर चार शब्द कमी होऊन पुढचं वाचन नीट चाललं असतं; चौदातली वरची दोन घात करतात. एसीटीएच या बिघाडाच्या आधी येतं म्हणून वाचतं, बीटा-एमएसएच बुडतं. गंमत अशी की उंदरांमध्ये बीटा-एमएसएच बनतच नाही. त्यामुळे उंदरांवरच्या लठ्ठपणाच्या प्रयोगांत त्याचं महत्त्व कळणं कठीण होतं. ते लॅब्रॅडॉरने दाखवून दिलं.

बिघडलेल्या प्रत्येक प्रतीमागे सरासरी सुमारे २ किलो वजन वाढतं. २०२४ मध्ये त्याच गटाने पारदर्शक डब्यात सॉसेज ठेवून पाहिलं: दिसतंय, वासही येतोय, पण मिळत नाही. बिघाड असलेली कुत्री डब्याशी इतरांपेक्षा जास्त वेळ झटत राहिली. मात्र पोटभर खायला घातलं तेव्हा त्यांनी इतरांपेक्षा जास्त खाल्लं नाही. म्हणजे एका जेवणात ती जास्त खात नाहीत, त्यांना दोन जेवणांच्या मधे भूक छळते. शिवाय नुसतं पडून असताना ती सुमारे पाव हिस्सा ऊर्जा कमी खर्च करतात. म्हणजे दोन्हीकडून मार.

मग हे जनुक असलेली कुत्री प्रजननातून बादच का करू नयेत? वंशावळीच्या कागदावर पूर्वजांची नावं असतात, जनुकं नसतात. चाचणी वेगळी करावी लागते. पण खरी अडचण निराळीच आहे. पहिल्या अभ्यासात अपंगांना मदत करणाऱ्या प्रशिक्षित लॅब्रॅडॉरांपैकी ७६ टक्क्यांत हा बिघाड सापडला. बहुधा खाऊसाठी जीव टाकणारी पिल्लंच भराभर शिकतात आणि निवडली जातात.