एममॅप लॉकचा वाचक आणि आरसीयूचा वाचक

लिनक्स कर्नलच्या मेमरी व्यवस्थापनात ‘वाचक’ हा शब्द दोन अर्थांनी येतो, आणि एका अर्थाचे संरक्षण मिळाले की दुसऱ्याचेही मिळाले, असा समज सहज होतो. स्टॅकरॉट (सीव्हीई-२०२३-३२६९) हा सुरक्षेचा दोष नेमका या दोन अर्थांच्या फटीत दडला होता.

एममॅप लॉक हे प्रोसेसच्या संपूर्ण अ‍ॅड्रेस स्पेसचे, म्हणजे तिला दिसणाऱ्या साऱ्या मेमरी पत्त्यांचे, कुलूप आहे. ते वाचनासाठी कोणी धरलेले असेपर्यंत लिहिणाऱ्याला बाहेर थांबावे लागते. आरसीयू (रीड-कॉपी-अपडेट, म्हणजे वाचक वाचत असतानाच माहिती बदलू देणारी पद्धत) मात्र लिहिणाऱ्याला अडवतच नाही. तो नवी प्रत तयार करून पॉइंटर बदलतो आणि जुन्या प्रतीची मेमरी, आधीपासून आरसीयू विभागात असलेले सर्व वाचक बाहेर पडल्यावरच मोकळी होते. केवळ एममॅप लॉक धरलेला वाचक या हिशोबात धरला जात नाही.

स्टॅक (फंक्शनच्या तात्पुरत्या माहितीची मेमरी) खाली वाढवताना कर्नल त्याच्या व्हीएमएची (अ‍ॅड्रेस स्पेसमधील एका सलग पट्ट्याच्या नोंदीची) सीमा सरकवत असे, म्हणजे खरे तर लिहीत असे, पण लॉक मात्र वाचनाचेच घेत असे. व्हीएमए रेड-ब्लॅक ट्री या झाडासारख्या रचनेत ठेवले जात, त्या काळात ही सवलत निभावून गेली, कारण सीमा सरकली तरी ट्रीची रचना तीच राहत असे. डिसेंबर २०२२ मधील ६.१ आवृत्तीत तिच्या जागी मेपल ट्री ही नवी रचना आली. तिच्यात सीमा नोडमध्येच साठवलेल्या असल्यामुळे स्टॅक वाढवताना प्रसंगी नोडच बदलावा लागतो आणि जुना नोड आरसीयूच्या हवाली होतो. त्याच वेळी दुसरा थ्रेड वाचनाचे लॉक धरून जुन्या नोडवर असेल, तर त्याच्या हातात मोकळी झालेली मेमरी उरते.

अशा प्रत्येक वाचकाला आरसीयूत आणणे हा उपाय मोहक वाटला तरी टिकणारा नव्हता, कारण एममॅप लॉक धरून झोपता (काम थांबवून वाट पाहता) येते, सामान्य आरसीयू विभागात येत नाही. लिनस टॉरवाल्ड्स यांच्या पुढाकाराने झालेल्या आणि ६.१.३७, ६.३.११ व ६.४.१ मध्येही आलेल्या दुरुस्तीत स्टॅक वाढवण्यासाठी लेखनाचे लॉक सक्तीचे झाले. स्टॅकच्या सीमेबाहेरचा पेज फॉल्ट (मेमरीत तयार नसलेल्या पत्त्याला हात लागताच कर्नलकडे येणारी हाक) हाताळताना आजही एममॅप लॉक आधी वाचनासाठीच घेतले जाते. स्टॅक वाढवणे भाग असेल तरच ते लेखनाच्या लॉकमध्ये बदलण्याचा प्रयत्न होतो. तो फसला, तर लॉक सोडून लेखनासाठी नव्याने घेतले जाते आणि व्हीएमए पुन्हा शोधला जातो, कारण मधल्या क्षणात अ‍ॅड्रेस स्पेस दुसऱ्या कोणी बदललेली असू शकते.