सोरायटिक संधिवात : औषधाचा गुण मोजण्याची पद्धत

सोरायसिस (त्वचेवर लालसर, खवलेदार चट्टे उठणारा विकार) असलेल्या काही जणांचे सांधेही सुजतात. या विकाराला सोरायटिक संधिवात म्हणतात. त्यावरचे औषध कितपत लागू पडले हे ठरवणे अवघड असते, कारण हा रोग सांधे, त्वचा, नखे, कणा आणि कंडरा हाडाला जुळतात त्या जागा (विशेषतः टाच) असा एकदम अनेक ठिकाणी धरतो. त्वचा नितळ झाली आणि बोटे तशीच सुजलेली राहिली, असेही होते. खानदेशात घरचे विचारतात, ‘आते कितलं दुखस?’ प्रश्न योग्यच आहे, पण तेवढ्याने भागत नाही.

तपासणी हातानेच होते. डॉक्टर ६८ सांधे दाबून दुखतात का ते पाहतात आणि ६६ सांध्यांची सूज चाचपतात. खुब्याची सूज बाहेरून कळत नाही, म्हणून दोन कमी. एखादे बोट मुळापासून टोकापर्यंत फुगले आहे का, हेही नोंदवतात. औषधचाचण्यांत ‘एसीआर २०’ हा अमेरिकन कॉलेज ऑफ रुमॅटॉलॉजी या संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेचा निकष रूढ आहे : दुखऱ्या आणि सुजलेल्या सांध्यांत किमान २० टक्के घट, शिवाय वेदना, रुग्णाचे व डॉक्टरांचे मत, कामाची क्षमता आणि रक्तातील दाह या पाचांपैकी तिनांत तेवढीच सुधारणा. त्वचेसाठी सोरायसिस किती पसरला आणि किती तीव्र आहे ते मोजणारा, ० ते ७२ गुणांचा ‘पासी’ निर्देशांक वापरतात.

२० टक्के ही फारच खालची पायरी आहे. दहा सुजलेल्या सांध्यांपैकी आठ तसेच राहिले, तरी हा निकष पूर्ण होऊ शकतो. पण त्या हातांनी बोंडातला कापूस चिमटीत धरून ओढता येईलच असे नाही, कळण्याची भाकरी थापणे तर दूरच. म्हणून २०१० मध्ये मांडलेला ‘किमान रोगसक्रियता’ हा निकष रुग्णाच्या अधिक जवळचा वाटतो. त्यात सातपैकी पाच अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. दुखरा सांधा जास्तीत जास्त एक, सुजलेलाही एकच, अशा त्या अटी.

मेथोट्रेक्सेट हे औषध स्वस्त असल्याने बहुधा आधी दिले जाते. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. रोज घेतल्यास जिवावर बेतते. २०१२ च्या एका ब्रिटिश चाचणीत सहा महिन्यांनंतरही त्याने सांध्यांची सूज ठामपणे उतरल्याचे दिसले नाही. २०१५ च्या ‘टिकोपा’ चाचणीत दर चार आठवड्यांनी तपासून औषध बदलत गेलेल्यांना दर बारा आठवड्यांनी तपासलेल्यांपेक्षा जास्त गुण आला, दुष्परिणामही अधिक झाले. अक्कलकुव्याहून धुळ्याला दर महिन्याला यायचे तर एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी दोन्ही सोसावे लागतात. हा खर्च कोणत्याही निकषात धरलेला नाही.

गुण दिसायला साधारण तीन महिने द्यावे लागतात. दोन दिवसांत आराम देणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉईड असू शकते. ते एकाएकी बंद केल्यास सोरायसिस अंगभर उसळू शकतो. तुलनाही सारख्या दिवसांची हवी : ऐन वेचणीतली नोंद रिकाम्या उन्हाळ्यातल्या नोंदीशी ताडली, तर विश्रांतीचा आराम औषधाच्या नावावर जमा होतो.