पार्श्वभूमी : पाणी एका खात्याकडे, माणूस दुसऱ्याकडे

डिसेंबर 2024 संपता संपता बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा काही गावांतून एक विचित्र तक्रार येऊ लागली. आधी डोक्याला खाज सुटे, मग केस मुठीने हातात येत आणि दोन-चार दिवसांत टक्कल पडे. हा तालुका पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचे पाणी खारट असलेल्या भागात, येतो, त्यामुळे पहिला संशय पाण्यावर गेला. विहिरी आणि बोअरचे नमुने प्रयोगशाळेत पोचले, नायट्रेट आणि क्षार जास्त निघाले, आणि काही दिवस तेच कारण म्हणून सांगितले गेले. जानेवारी 2025 मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक गावांत येऊन नमुने घेऊन गेले. फेब्रुवारीत, विंचूदंशावरील कामासाठी महाराष्ट्राला परिचित असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी असा निष्कर्ष मांडला की रुग्णांच्या शरीरात सेलेनियम या मूलद्रव्याचे प्रमाण फार वाढलेले आहे आणि ते रेशनच्या गव्हातून आले आहे. पंजाबात शिवालिकच्या पायथ्याशी काही पट्ट्यांतील मातीत सेलेनियम मुळातच जास्त असते, ही गोष्ट शेतीशास्त्राला पूर्वीपासून ठाऊक होती.

पाण्याकडे नजर आधी गेली आणि ताटातल्या पोळीकडे उशिरा, यात कोणाचा आळस होता असे मला वाटत नाही. पाणी तपासण्याची यंत्रणा जिल्ह्याच्या हाताशी होती. माणसाच्या रक्तात काय साचले आहे हे पाहण्याची नव्हती. पर्यावरणीय आरोग्यावर संशोधन करणाऱ्या सरकारी विभागाचे प्रमुखपद आज ज्याच्याकडे येते, त्याला ही विभागणी वारशानेच मिळते. ती कशी घडत गेली, हे विदर्भातून पाहिले तर विशेष स्पष्ट दिसते, कारण तिचे बरेचसे टप्पे याच भूमीवर पार पडले आहेत.

या पदाचा सर्वांत जुना पूर्वज म्हणजे इंग्रजी अमदानीतील सॅनिटरी कमिशनर. 1857 नंतर ब्रिटिश सैनिक लढाईपेक्षा रोगानेच जास्त मरतात हे लक्षात आल्यावर 1859 मध्ये एक शाही आयोग नेमला गेला, त्याचा अहवाल 1863 मध्ये आला आणि 1864 पासून इलाख्यांमध्ये स्वच्छता आयोग स्थापन झाले. 1861 मध्ये बनलेल्या मध्य प्रांतालाही पुढे आपला सॅनिटरी कमिशनर मिळाला. पटकी (कॉलरा), देवी आणि ताप यांनी किती माणसे गेली याचा वार्षिक अहवाल तो तयार करी. पण त्या अहवालाचा पाया फार कच्चा होता. मध्य प्रांतातील खेड्यात मृत्यूची वर्दी देणारा माणूस गावचा कोतवाल असे. तो ती पोलीस ठाण्यात नेऊन सांगे, आणि ज्या मरणाचे कारण कळत नसे ते ‘ताप’ या एकाच रकान्यात जाई. कमिशनरने विहिरीला कठडा बांधावा, उकिरडे गावाबाहेर न्यावेत अशी शिफारस केली तरी पैसा आणि हुकूम दुसऱ्यांच्या हाती होता. 1919 च्या सुधारणांनंतर सार्वजनिक आरोग्य हा प्रांतांकडे सोपवलेला विषय झाला, आणि सल्ला एकाचा व अंमल दुसऱ्याचा ही रीत अधिकच पक्की झाली. आजच्या विभागप्रमुखाचा अधिकार याहून फारसा वेगळा नाही.

याच काळात अमरावती जिल्ह्यातील शेंडगावात 1876 मध्ये जन्मलेले गाडगेबाबा हातात खराटा घेऊन गावोगाव रस्ते झाडत होते आणि रात्री कीर्तनातून लोकांना जाब विचारत होते. त्यांच्याजवळ प्रयोगशाळा नव्हती, पण घाण आणि आजार या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहण्याची सवयही नव्हती. शासकीय इतिहासात त्यांची नोंद स्वच्छता अभियानाच्या नावापुरती उरते. आरोग्याच्या इतिहासात ती अधिक ठळक असायला हवी.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, 1946 मध्ये आलेल्या भोर समितीच्या अहवालाने पाणीपुरवठा, मलनिस्सारण, घरे आणि उद्योगधंद्यातील आरोग्य यांचा विचार दवाखान्यांच्या बरोबरीने केला होता. त्यानंतर 1955 च्या अखेरीस दिल्लीत काविळीची मोठी साथ आली. नजफगढ नाल्याचे सांडपाणी वजिराबादच्या उपशाच्या ठिकाणी यमुनेत मागे सरकले आणि शुद्धीकरण केंद्रातून निघालेल्या पाण्यानेच सुमारे 29,000 लोकांना कावीळ झाली. राजधानीत जे घडले ते कोणत्याही शहरात घडू शकत होते. अशा त्या काळात, 1958 मध्ये, वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेच्या छत्राखाली नागपुरात केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था उभी राहिली. पाणीपुरवठा, सांडपाणी, त्यातून पसरणारे साथीचे रोग आणि काही प्रमाणात कारखान्यांचे प्रदूषण व कामगारांचे आजार असे तिचे कार्यक्षेत्र ठरले.

या नावातला प्रत्येक शब्द महत्त्वाचा आहे. ‘सार्वजनिक आरोग्य’ हे उद्दिष्ट होते आणि ‘अभियांत्रिकी’ हे साधन. जून 1972 मध्ये स्टॉकहोमला मानवी पर्यावरणावरील परिषद झाली, तिथे पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी भाषण केले. 1974 मध्ये संसदेने जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा केला आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. महाराष्ट्राने तर स्वतःचा कायदा 1969 मध्येच करून 1970 मध्ये मंडळही नेमले होते. याच लाटेत 1974 मध्ये नागपूरच्या संस्थेचे नाव राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे आपल्या परिचयाची ‘नीरी’, असे झाले. कार्यक्षेत्र विस्तारले, हवा आणि जमीन त्यात आली, हे योग्यच झाले. पण ‘सार्वजनिक आरोग्य’ हे दोन शब्द पाटीवरून उतरले. पुढे 27 जानेवारी 1994 च्या अधिसूचनेने मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणीय परिणामांचा अहवाल सक्तीचा केला, आणि अशा अहवालांचे प्रायोजित काम देशभरातील संस्थांकडे वाढत गेले. अशा अहवालात धुळीचे, आवाजाचे, पाण्याचे आकडे नेमके असतात. प्रकल्पाच्या शेजारच्या गावातील माणसांचे खोकले आणि मुतखडे बहुधा एखाद्या सर्वसाधारण परिच्छेदात मावतात.

दुसरा अर्धा भाग वैद्यकीय संशोधनाकडे राहिला. 1911 मध्ये स्थापन झालेली संशोधन निधी संघटना 1949 मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद झाली. तिची व्यवसायजन्य आरोग्याची संस्था 1966 मध्ये अहमदाबादला सुरू झाली. भोपाळच्या 1984 च्या वायुकांडानंतर परिषदेने बाधितांचा दीर्घ अभ्यास हाती घेतला, पण तो 1994 मध्ये थांबवला. पर्यावरणीय आरोग्याला वाहिलेली राष्ट्रीय संस्था भोपाळमध्ये प्रत्यक्ष यायला 2010 उजाडले. खाणकामगारांच्या आरोग्याची संस्था आधी कोलार सुवर्णक्षेत्रात होती, ती नागपूरला आली आणि 2019 मध्ये अहमदाबादच्या संस्थेत विलीन झाली. तुमसर तालुक्यातील मँगनीजच्या खाणी, वणी आणि चंद्रपूरच्या कोळसा खाणी यांच्या दृष्टीने नागपूर हे ठिकाण अगदी योग्य होते. मात्र कायदा खाणीच्या हद्दीत काम करणाऱ्याची नियमित तपासणी बंधनकारक करतो. हद्दीच्या कुंपणापलीकडे, त्याच धुळीत, कापूस वेचणारी बाई त्या कायद्यात कोठेच येत नाही.

ही फाळणी प्रत्यक्षात काय करते, ते यवतमाळच्या फ्लोराइडवरून समजते. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रात विंधन विहिरी घेण्याचा वेग वाढला आणि त्यानंतरच्या दोन दशकांत हातपंप गावोगाव पोचले. ते वरदानच होते. उघड्या विहिरींतून होणारा नारू आणि पटकी यांना त्यांनी आळा घातला. नारूचा शेवटचा रुग्ण देशात 1996 मध्ये नोंदला गेला. पण खोल खडकातील पाणी तिथे वर्षानुवर्षे मुरलेले असते आणि काही खडक त्यात फ्लोराइड सोडतात. केळापूर, झरी-जामणी या भागांत आणि चंद्रपूरच्या काही गावांत असे पाणी वर आले. ते नितळ असते, त्याला वास नसतो, चवही बिघडलेली नसते. एका लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड स्वीकारार्ह आणि दुसरा स्रोत नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घ्यावे, असे भारतीय मानक सांगते. त्यापुढे, पक्के दात हिरडीत घडत असतानाच्या बालवयात, दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे कायमचे उमटतात. प्रमाण फार असेल आणि वर्षे लोटली तर सांधे आणि पाठीचा कणा ताठरतो. नेल्लोर भागातील माणसांमधील हा विकार 1937 मध्येच वैद्यकीय साहित्यात नोंदला गेला होता, म्हणजे हातपंपांच्या कितीतरी आधी.

नागपूरच्या संस्थेने यावर 1970 च्या दशकात जो उपाय काढला तो ‘नलगोंडा पद्धत’ म्हणून ओळखला जातो. पाण्यात चुना, तुरटी आणि ब्लीचिंग पावडर ठरलेल्या प्रमाणात मिसळायची, ढवळायचे, साका खाली बसू द्यायचा आणि वरचे पाणी काढून घ्यायचे. वीज नसलेल्या घरातही बादलीत जमेल इतका हा उपाय साधा आहे, आणि भारतीय संशोधनाने खेड्याला दिलेल्या उत्तम देणग्यांत मी त्याची गणना करतो. तरी तुरटीचे प्रमाण त्या त्या पाण्यातील फ्लोराइड आणि क्षारता पाहून ठरवावे लागते, साका रोज कोठेतरी टाकावा लागतो, आणि हे रोज करणाऱ्या माणसाला कोणीतरी मजुरी द्यावी लागते. शोध एका परिषदेचा, भूजल मोजणारी राज्याची यंत्रणा वेगळी, नळयोजना जिल्हा परिषदेची, आणि मुलांचे दात तपासणारा फ्लोरोसिस नियंत्रण कार्यक्रम 2008-09 पासून आरोग्य मंत्रालयाचा. गावाला मात्र पिण्यास अयोग्य म्हणून लाल रंग फासलेला हातपंप दिसतो, आणि उन्हाळ्यात नळ आटला की तोच हापसावा लागतो. ग्रामपंचायतीला मिळणारे लाल, पिवळे किंवा हिरवे कार्डही पाण्याच्या स्रोताची स्थिती सांगते. गावचा जलसुरक्षक पाण्यात टीसीएल ही जंतुनाशक पावडर टाकतो की नाही हे त्यावरून कळते, पण ते पाणी पिणाऱ्यांचे काय झाले हे कळत नाही.

कीटकनाशकांची गोष्ट याहून कठोर आहे. 1958 मध्ये केरळात पॅराथिऑन मिसळलेल्या धान्याने शंभराहून अधिक माणसे दगावली, त्यातून 1968 चा कीटकनाशक कायदा आला. तो कायदा कृषी मंत्रालयाकडे आहे. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात डोक्याइतक्या वाढलेल्या कपाशीत फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजूर विषबाधेने रुग्णालयात आले आणि वीसहून अधिक जण मरण पावले. विशेष तपास पथक नेमले गेले, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले, पाच कीटकनाशकांवर काही काळ बंदी आली. फवारणाऱ्याच्या रक्तातील कोलिनेस्टरेज या विकराची (एन्झाइमची) पातळी हंगामाच्या आधी आणि हंगामात तपासली, तर ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील विषाचा परिणाम शरीरात साचू लागल्याची सूचना आधीच मिळू शकते. ही जुनी, स्वस्त चाचणी आहे. पण ती करणे ना कृषी सहायकाचे काम आहे, ना पाण्याच्या प्रयोगशाळेचे. आणि आरोग्य केंद्राकडे माणूस चक्कर येऊन पडल्यावरच येतो.

अशा विभागाचा प्रमुख म्हणजे केवळ ज्येष्ठ शास्त्रज्ञ नव्हे, हे या पार्श्वभूमीवर लक्षात येते. रक्ताचा एक नमुना घ्यायचा तर संशोधनातील नीतिनियम पाहणाऱ्या समितीची परवानगी, आरोग्य खात्याची संमती, जिल्हाधिकाऱ्यांचे पत्र आणि ग्रामस्थांचा विश्वास या चारही गोष्टी त्याला मिळवाव्या लागतात, आणि यांतली शेवटची आदेशाने मिळत नाही. अहवाल आल्यावर तो आधी मंत्रालयाला द्यावा, न्यायालयाला द्यावा की गावाला वाचून दाखवावा, हा निर्णय बहुतेक वेळा त्याच्या एकट्याच्या विवेकावर येतो. केंद्रीय मंडळाच्या 2009 च्या प्रदूषण निर्देशांकात चंद्रपूर 83.88 गुणांसह देशातील सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक ठिकाणांत चौथे आले, तेव्हा त्या आकड्याने काही काळ नव्या उद्योगांना परवानगी देणे थांबले. आकड्याचा वापर असाही होऊ शकतो, म्हणून तो कोण काढतो आणि कोणाच्या पैशातून, याला महत्त्व आहे.

खारपाणपट्ट्यातील गावांतून मूत्रपिंडाच्या आजारांची तक्रारही वर्षानुवर्षे येत आहे. श्रीलंका, मध्य अमेरिका आणि आंध्रातील उद्दानम येथे असाच, मधुमेह किंवा रक्तदाबाने उलगडा न होणारा आजार शेतकऱ्यांमध्ये आढळतो; उन्हातले कष्ट, पाणी, कीटकनाशके, वेदनाशामक गोळ्या या सर्वांवर संशय आहे आणि एकच एक कारण अजून ठरलेले नाही. संग्रामपूर किंवा जळगाव जामोद तालुक्यात याचा छडा लावायचा तर त्याच कुटुंबांचे पाणी, अन्न, फवारणीचे दिवस आणि मूत्रपिंडाची स्थिती दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिन यांची नोंद एकाच वहीत दहा-पंधरा वर्षे ठेवावी लागेल. संशोधन विभागाला मंजूर होणारा प्रकल्प साधारणपणे तीन वर्षांचा असतो.