‘बॉम्बे’ नाव पोर्तुगीजांनी ठेवलं? छे!

दादरच्या गाडीत असो की घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात, ही गोष्ट कुणीतरी सांगतंच: पोर्तुगीज आले, किनारा पाहून ‘बॉम बाइया’, म्हणजे ‘छान खाडी’ म्हणाले, त्याचं झालं बॉम्बे आणि मग आपण केलं मुंबई. ऐकायला झकास. पण पोर्तुगीज व्याकरणाशीच जुळत नाही. त्या भाषेत ‘बाइया’ हा शब्द स्त्रीलिंगी, त्याला ‘बोआ’ लागतं. ‘बॉम बाइया’ म्हणणं म्हणजे आपण ‘चांगला खाडी’ म्हणण्यासारखं. खलाशी असले म्हणून काय, स्वतःच्या भाषेचं लिंग चुकतील?

तारखाही आड येतात. ही बेटं पोर्तुगीजांच्या हाती आली १५३४ साली, वसईच्या तहाने. त्याआधीच, १५१६ च्या सुमारास, दुआर्ते बार्बोझा या पोर्तुगीजानेच ‘ताना-मायांबू’ असं नाव लिहून ठेवलंय. ‘ताना’ म्हणजे शेजारचं ठाणं, आणि ‘मायांबू’मध्ये आपली मुंबाई ऐकू येते. मुंबा अधिक आई. कोळ्यांची देवी, जिचं देऊळ आज भुलेश्वरजवळ दागिन्यांच्या दुकानांच्या गर्दीत आहे. ‘बॉम्बे’ हा त्याच नावाचा परक्या जिभेवरचा अपभ्रंश.

म्हणून १९९५ साली शहराला नवं नाव दिलं, असं म्हणू नका. जुनंच सरकारी कागदावर आलं. हायकोर्ट मात्र अजून ‘बॉम्बे’च. १८६२ सालचं ते नाव बदलायला संसदेचा कायदा लागतो. २०१६ साली विधेयक आलं होतं, मंजूर झालं नाही.